मुका फेरा

"दीनाबाई, यंदा जात्याची पाळी तुमच्या घराची," पाळकसाहेब म्हणाले आणि सायकल निंबाला टेकवून ओट्यावर बसले. बसताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि तिच्यावर पडलेला निंबाचा मोहर एकेक करून टिपू लागले. तेव्हाच मी ओळखलं, पुढचं बोलणं अवघड आहे.

"माझी कशी? राहेलबाई आहेत की."

"राहेलबाईंना लेकानं नगरला नेलंय, डोळ्यांच्या ऑपरेशनला. त्यांचा ईस्टर तिकडंच. त्यांच्या मागचं भिंतीला लागून घर तुमचं."

मी ज्वारी पाखडत होते. सुपावरचा हात थांबला. "आणि दुसरा हात?"

टोपीवरचा मोहर संपला, तरी ते टोपीकडेच बघत होते. "दुसरा हात साराकाकूंचा. तो कुठं जातोय?"

आमच्या वस्तीवर चर्चला देऊळच म्हणत, आणि पाळकसाहेब तिथले धर्मगुरू. गोदावरीच्या अलीकडं, माळावर, दगडी भिंतींचं, कौलारू. देवळामागच्या पडवीत एक जातं होतं, एवढं जड की एकट्या बाईला ओढवायचं नाही. वर्षभर ते गोणपाटाखाली झोपलेलं असे. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी पहाटे ते उघडायचं, दोघींनी समोरासमोर बसायचं, आणि त्या संध्याकाळी येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीत होणाऱ्या प्रभुभोजनाच्या भाकरीचा गहू दळायचा. ओव्या म्हणत दळायचा. एकीनं ओवी उचलायची, दुसरीनं ती पुरी करायची. मुकं दळलेलं पीठ त्या भाकरीला चालत नसे. असं कुठं लिहिलेलं नव्हतं. पण ज्या पणज्यांनी वस्तीत पहिला बाप्तिस्मा घेतला त्यांचा गळा जात्यावरच तयार झालेला, आणि येशूला गायचं म्हणजे दुसरं कसं गायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी सुरू केलं ते कुणी मोडलं नाही.

"गिरणीतनं आणा यंदा पीठ," मी म्हणाले.

"आणलं होतं एकदा. मी इथं नवा होतो, शहाणपणा केला. गिरणीवाल्यानं आधी कुणाची तरी मिरची दळलेली. अख्खी मंडळी प्रभूच्या मेजापाशी शिंकत होती. मंडळीचे वडील जगधने अजून म्हणतात, पवित्र आत्मा असा ठसका लावून कधी आला नव्हता."

एरवी मी पोट धरून हसले असते.

"त्या बाईच्या समोर मी बसणार नाही, साहेब."

"बरं." त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली, सायकल निंबापासून सोडवली. "मी जुलूम करायला आलो नव्हतो. निरोप द्यायला आलो होतो. आणि निरोप माझा नाही, हे तुम्हाला कळतं."

ते गेले, आणि मी तीच ज्वारी पुन्हा पाखडत बसले.

साराकाकू आमच्या ह्यांची लांबची चुलती. विधवा, पोर ना बाळ. पण वस्तीतली सगळी पोरं तिच्याच हातावर जगात आलेली. दोन वैशाखांमागं माझे दिवस भरले तेव्हाही तीच उशाशी होती. भर दुपारी कळा सुरू झाल्या आणि काही केल्या पुढं सरेनात. ह्यांनी गाडी जुंपायला घेतली, तालुक्याच्या दवाखान्यात न्यायला. काकूनं त्यांना अडवलं. "ऊन उतरू दे," ती म्हणाली. "ह्या भट्टीत पोरगी वाटंतच आडवी व्हईल." तिचा शब्द कुणी मोडत नसे. ऊन उतरलं, मग गाडी निघाली, आणि नदीच्या वाळूत चाकं रुतलेली असताना माझी लेक आली. ती रडलीच नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दुपारीच आणायला हवं होतं." त्या दुसऱ्या बाईशी बोलत असाव्यात, माझ्याशी नाही. पण ते वाक्य मी उचललं आणि पदराच्या गाठीत बांधल्यासारखं जवळ ठेवलं. लेकीला नाव न ठेवताच मातीत ठेवली. नाव मी मनाशी ठरवलेलं होतं. ते ह्यांनाही सांगितलं नाही.

आमच्या आणि काकूच्या अंगणांमध्ये दगडी भिंत होती, आणि भिंतीला एक खिंड. तिच्यातून ताकाचं भांडं जायचं, विस्तव यायचा, चिमूटभर मीठ, हाक, गप्पा. दवाखान्यातून आल्यावर मी बाभळीची एक दांडगी फांदी ओढत आणली आणि त्या खिंडीत टाकली. काकू फांदीपलीकडं येऊन उभी राहायची. "दीना," म्हणायची. मी आत जायची. पुढं तिनं हाक मारायचं सोडलं. नुसती यायची, उभी राहायची आणि जायची. मला वाटायचं, उभी राहा, काटे बघ.

त्या संध्याकाळी हे कामावरून आले. गवंडीकाम करायचे, हातांना चुन्याचा वास, नखांत सिमेंट. ताटावर बसल्यावर म्हणाले, "पाळकसाहेब येऊन गेले?"

"कुणी सांगितलं?"

"अंगणात सायकलीची वळणं आहेत. एवढं वाकडं चालवणारा दुसरा कोण आहे इथं."

मी भाकरी वाढली. "मी जाणार नाही. मनात जहर घेऊन येशूच्या भाकरीचं पीठ दळायचं? ते खोटं होईल."

ते जेवत राहिले. मग म्हणाले, "भिंत रचताना मी दगडाला विचारत नाही, बाबा, तुझं मन आहे का म्हणून."

"मी दगड नाही."

"नाहीस. म्हणून तर विचारायला माणूस पाठवलं." त्यांनी कालवणात भाकरी कुस्करली. "त्यानं सांगितलंय ते कर की. वाटायचं तेव्हा वाटंल."

"आणि नाहीच वाटलं तर?"

"तर पीठ तरी होईल."

मला राग आला. इतक्या दिवसांचा सगळा राग एकदम आला. "सारखं त्यानं सांगितलं, त्यानं सांगितलं. त्यानं माझ्यासाठी काय केलं त्या दिवशी? कुठं होता तो, नदीत?"

त्यांचा घास हातातच राहिला. मला वाटलं, आता उठतील. ते उठले नाहीत.

"तू जगलीस," ते म्हणाले. "मी वाळूत गुडघ्यावर होतो. तुझं अंग गार पडत चाललेलं. मी म्हटलं, देवा, हिला ठेव. हिला तेवढं ठेव. तेच म्हणत राहिलो. पोरीचं मागायचं राहून गेलं, दीना. मला तेव्हा तू एकटीच आठवलीस. हे मी कुणापाशी बोललो नाही."

बाहेर बैलाच्या गळ्यातली घंटी वाजत होती. मी त्यांच्या ताटात कालवण वाढलं.

गुरुवारी पहाटे मी देवळामागच्या पडवीत गेले. माया दाटून आली होती म्हणून नव्हे. उलट पाय इतके जड होते की वाटेत दोनदा चप्पल निघाली. चैत्राची पहाट, निंबाच्या मोहराचा कडू-गोड वास, पूर्वेला जरासं फटफटलेलं. काकू आधीच येऊन बसली होती. गोणपाट काढलेलं, जातं ओल्या फडक्यानं पुसलेलं, गव्हाची पाटी मांडीशी.

"आलीस व्हय," एवढंच म्हणाली.

मी समोर बसले. जात्याचा खुंटा एकच असतो; दोघींचे हात त्यावर एकावर एक येतात. तिनं खाली धरला, मी वर. लांब धरायला जागाच नव्हती. तिचा हात वाळल्या शेंगेसारखा खरखरीत, आणि ऊबदार. ह्याच हातानं माझी लेक लुगड्याच्या पदरात गुंडाळली होती. मी डोळे जात्यावर ठेवले आणि ओढ घेतली. जोरात घेतली.

"हळू, दीना. गहू हाय. वैरी न्हाई."

जातं घरघरू लागलं. तिनं मोकळ्या हातानं जात्याच्या तोंडात गव्हाचा घास घातला आणि ओवी उचलली:

पहिला फेरा जात्याचा, आभाळीच्या बापाला

आणि थांबली. दुसरी ओळ माझी होती. मी तोंड मिटून होते. जात्याची वरची पाळू फिरत राहिली. मग तीच पुढं म्हणाली:

उंबऱ्यात उभा राही, दमल्याच्या वाटंला.

अशीच ती दोन्ही ओळी ओढू लागली, माझीही आणि तिचीही. धाप लागायची, पण सूर सोडेना.

दुसरा फेरा जात्याचा, मरियेच्या बाळाला
गव्हावाणी दळूनी गेला, भाकर झाला जगाला.

तिसरा फेरा जात्याचा, पवित्र त्या वाऱ्याला
दिसंना गं डोळ्यांला, डुलवी साऱ्या शिवाराला.

हे तीन फेरे झाले की वस्तीतल्या पोरांचे फेरे. घरामागून घर घ्यायचं, कुणाचं लेकरू सोडायचं नाही. काकूला कुणाची यादी लागत नव्हती. सगळी तिच्याच हातावर आलेली. पाळकसाहेबांच्या घरापासून तिनं सुरू केलं:

फेरा आला दाविदाचा, पाळकाच्या लेकाचा
खिशामंदी चिंचा त्याच्या, तोंडी सूर स्तोत्राचा.

माझे ओठ हलले. मी ते दातांखाली धरले. घरं पुढं सरकत होती. जगधन्यांचं, पारख्यांचं, राहेलबाईचं. पुढचं घर आमचं. आमच्या घरात पोर नव्हतं, तेव्हा पुढच्याच घरावर जायला हवं होतं.

काकू गप्प झाली. घास घातला, डोळे मिटले, आणि जात्याचा एक पुरा फेरा सुराशिवाय फिरला. नुसते दगड दगडावर. मग डोळे उघडून तिनं पलीकडच्या घराची ओवी घेतली. मला वाटलं, दम लागला असेल.

उजाडलं तसं पीठ गोळा केलं. पडवीतच तीन दगडांची चूल होती. भाकरीही दोघींनीच भाजायची. काकूनं पीठ मळायला घेतलं, मी चुलीपुढं बसले. बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं, आणि तरी माझ्याच तोंडून निघालं.

"राहेलबाईंच्या घरानंतर गप्प का झालात?"

ती मळत राहिली. "ध्यानात आलं व्हय तुझ्या."

"दम लागला?"

"न्हाई गं. तुझ्या लेकीचा फेरा होता त्यो." पिठाचा गोळा तिनं उलटा केला. "नाव ठाऊक न्हाई मला तिचं. कुणालाच न्हाई. बिननावाची ओवी कशी म्हनू? आन गाळू तरी कशी, माझ्याच हातावर आली ती. म्हनून तिचा फेरा मुकाच फिरविते. राहेलबाईसंगं बसले तवाबी फिरवला. ती समजली. तिनंबी तोंड मिटून घेतलं."

चुलीतला धूर माझ्या डोळ्यांत जात होता. मी बाजूला सरकले नाही.

"मुकं पीठ चालत नाही ना," मी म्हणाले.

"मान्साला न चालंल. त्याला चालतं."

मला काहीतरी साधं बोलायला हवं होतं, हातात धरता येईल असं. "मीठ किती घालायचं?"

"मीठ घालीत न्हाईत ह्यात. मी खात हुते तवर तरी नव्हतं."

"खात होते तवर म्हणजे?"

"म्हंजे आता काय चव हाय मला ठाऊक न्हाई."

"काकू, दरसाल तुम्हीच दळता. तुम्हीच भाजता."

"दळते. भाजते. ताटली आली की म्होरं देते." तिनं गोळा परातीत आपटला. "तू म्होरं बसतीस, मी दारापाशी. तुला कशी दिसंल? येशूनं सांगितलंय न्हवं, तुझ्याविषयी कुणाच्या मनात काही आसंल तर आधी त्याच्याकडं जा, समेट कर, मग वेदीपाशी ये. मी आले हुते गं. बाभळीपत्तूर येत हुते. म्होरं वाट न्हवती."

मला तिच्याकडं बघवेना.

"'ऊन उतरू दे' मीच म्हनले," काकू म्हणाली. "तुझ्या भल्याचं म्हनून म्हनले, पर चुकलं. माझी चूक. देवाला लई येळा सांगितलं. तो ऐकतो, त्याचं काय. पर ज्याचं गेलं त्याला सांगावं लागतं. देवाच्या कानात सांगून भागत न्हाई."

पीठ मळून झालं होतं. ती ते पुन्हा मळू लागली.

मी उठले. वाटलं होतं, घरी जाऊन दार लावून रडावं. मी घरापाशी गेले, दारात शिरले नाही. भिंतीच्या खिंडीतली बाभळीची फांदी धरली आणि ओढली. इतक्या दिवसांत ती वाळून खडखडीत झाली होती, तरी काटे शाबूत. हे ओट्यावर दात घासत होते. मदतीला उठले, मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा बसले. मी फांदी वस्तीतून ओढत देवळामागं नेली. कुऱ्हाड नव्हती, पायाखाली धरून, वाकवून मोडली. तळहात रक्ताळले. एकेक तुकडा चुलीत सारला.

काकूनं फांदी ओळखली. कशी ओळखणार नाही. तव्यावर पहिली भाकर टाकत ती म्हणाली, "बाभळीचा जाळ चांगला लागतो."

"काटे आहेत," मी म्हणाले.

"जळत्याल."

संध्याकाळी देऊळ भरलं. बायका डावीकडं, पुरुष उजवीकडं, सगळे सतरंज्यांवर. माझी जागा पुढून दुसऱ्या ओळीत, लग्न होऊन आले तेव्हापासूनची. तिथं न बसता मी मागं गेले आणि दारापाशी, काकूच्या शेजारी बसले. दोन-चार माना वळल्या. काकू पुढंच बघत होती. पश्चिमेच्या दारातून उजेड आत येऊन तिच्या पांढऱ्या लुगड्यावर पडला होता आणि कोपराला सकाळचं पीठ तसंच लागलेलं होतं.

पाळकसाहेबांनी भाकर मोडली. ज्या रात्री प्रभूला धरून दिलं त्या रात्रीची गोष्ट सांगितली. कोण कोण त्या ताटावर होतं, धरून देणारासुद्धा, आणि येशूनं कुणालाच उठवलं नाही, ते सांगितलं. दरवर्षी सांगायचे. मी दरवर्षी ऐकायची आणि पुढं बसून खायची. माझं कुणी वाईट केलंय, मी कुणाचं नाही, असं मला वाटायचं.

ताटली ओळीओळीनं मागं आली. माझ्या हाती आली. मी माझा तुकडा घेतला आणि ताटली काकूपुढं धरली. ती तिनं दोन्ही हातांनी घेतली आणि सवयीनं ताटली फिरवणाऱ्या जगधने वडिलांकडं परत द्यायला हात लांबवला. मी ताटलीची कड धरून ठेवली.

"काकू, घ्या."

तिनं माझ्याकडं पाहिलं. तिचे डोळे म्हातारे होते, पाणी यायला वेळ लागायचा त्यांना. "दीना..."

"घ्या. लोक थांबलेत."

जगधने वडील आमच्या डोक्यावर उभे होते. ते खोकले नाहीत, हे विशेष.

काकूनं चिमणीच्या चोचीत मावेल एवढा तुकडा उचलला. तोंडात ठेवला. तिला दाढा नव्हत्या; ती तो नुसता घोळवत राहिली, डोळे मिटून, पुष्कळ वेळ. मी माझा खाल्ला. पाळकसाहेब प्रार्थना करत होते. तेवढ्यात ती माझ्या कानाशी वाकली.

"दळण जाडं पडलं गं."

खरंच पडलं होतं. मी रागानं ओढलं होतं ना. दातांत कण लागत होते.

"पुढल्या वर्षी बारीक दळू," मी म्हणाले.

घरी जाताना मी ह्यांना आमच्या लेकीचं नाव सांगितलं. ते चालता चालता थांबले, नाव एकदा पुटपुटले आणि माझा रक्ताळलेला तळहात हातात घेऊन तसेच चालू लागले, भर रस्त्यात. वस्तीत असं कुणी चालत नसे.

आता ते जातं देवळाच्या अंगणात निंबाखाली पडून आहे. पोरं त्याच्यावर बसून चिंचा खातात. प्रभुभोजनाच्या गोल वड्या नगरहून डब्यातून येतात, पांढऱ्याशुभ्र, दातांत काही लागत नाही. काकू गेली, पाळकसाहेब गेले, हेही गेले. निंब मात्र त्याच वेळेला मोहरतो, आणि वास आला की माझा उजवा हात आपोआप खुंटा धरल्यासारखा मिटतो.

पण तेव्हा, पुढल्या वर्षी, पीठ बारीक पडलं. त्या पहाटेही काकू आधी येऊन बसली होती. पहिले तीन फेरे आम्ही दोघींनी म्हटले, ओळ तिची, ओळ माझी. दावीद झाला, जगधन्यांची झाली, पारख्यांची झाली. राहेलबाईचं घर झालं. काकूनं घास घातला, डोळे मिटले आणि तोंड मिटलं. जातं फिरू लागलं. अर्ध्या फेऱ्यावर आलं असेल, तेव्हा मी ओवी उचलली:

फेरा माझ्या रूथचा गं, दोघी धरू खुंट्याला

पाळू थांबली नाही. डोळे न उघडताच, जणू ती ओळ वर्षानुवर्षं तोंडात तयार धरून बसली होती, अशी तिनं ती पुरी केली:

निजलीया लेक आमुची, बापाच्या त्या मांडीला.